मामेऱ्यातलं नाव

हो, मुद्दाम घेतलं. पुन्हा विचार, पुन्हा तेच सांगेन — तुझ्या नवऱ्याचं नाव मी मुद्दाम घेतलं, आपल्या नणंदेच्या, लाभूच्या दारात, भर मांडवात, मामाकडच्या आहेराची, मामेऱ्याची ताटं पोरींच्या डोक्यावर असताना. झालं समाधान? — बस, आधी बस तू. उभ्यानं भांडायची रीत नाही आपल्या घरात. धाकटी जाऊ आहेस माझी, नवी आलीस तेव्हा रोटला थापायला मी शिकवलं तुला, पहिल्या दिवशी तव्यावर असा काही आकार टाकला होतास की सासरे म्हणाले, हा खायचा की अंथरायचा — ती खाट ओढ आणि बस. चहा ठेवू? — नको तर नको. आणि हरेशला सांग, गवंडी बोलवायचाय तर खुशाल बोलव म्हणावं. दोन घरांमधली बारी बुजवायची म्हणतोय ना तो? बुजव. आपल्या सासऱ्यांनी भिंत फोडून ती बारी काढली, वाटण्या झाल्या तरी जावा-जावांना डेलीचं बाहेरचं दार ओलांडून रस्त्यानं जायला लागू नये म्हणून — ताकाची भांडी, आजारी पोरं, रुसवे-फुगवे, सगळं त्या बारीतनं इकडचं तिकडं झालं — आणि तुझा मुलगा ती विटांनी भरणार, का, तर काकूनं लग्नात त्याच्या बापाचं नाव घेतलं. — होय, गेलेल्या बापाचं. मांडवात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, अपशकुन होतो, हे तू मला सांगतेस? मला? गाणी तुला कुणी शिकवली, डाही?

या गावात मी गाणं उचलते आणि बायका झेलतात. माझी सासू गेली त्या वर्षापासून. मी ओळ सोडायची, बाकीच्यांनी ती उचलायची — आणि गाणं काय, गाणं तेच असतं गं, सगळ्यांना पाठ असतं, खरी कला नावांची. ज्याचं लग्न त्याच्या घरची नावं गाण्यात गुंफायची, आजोबा आधी, मग काका, मग मामा, मग फईचा, आत्याचा नवरा, त्यात कुणी राहिला की जन्माचा रुसला, कुणी आधी आला की दुसरा रुसला. ती खालच्या गल्लीतली मणी — ती दुपारी जाऊन घरच्या म्हाताऱ्याला विचारून येते, काका नावं सांगा, काका क्रम सांगा, आणि मग भिंतीकडं तोंड करून घोकत बसते शाळेतल्या पोरीसारखी. मी कधी विचारलं कुणाला? शाळेची पायरी मी चढले नाही, अक्षरं एस.टी.च्या पाट्यांवरनं शिकले, आधी अमरेली वाचलं, मग गोंडल, मग पुडीच्या कागदावर जे येईल ते — पण नावं मला कधी वाचावी लागली नाहीत. पंचक्रोशीत कुणाचं कोण लागतं ते विचारायला सरपंच इथं यायचा. आणि तुला वाटतं, माझ्या सासरच्या नावात, माझ्या सख्ख्या दिराच्या नावात, मी चुकेन? — नाही ना वाटत? मग झालं तर. मुद्दामच घेतलं.

आणि कारण तुला माहीत आहे. गावाला माहीत आहे. विहिरीच्या मोटारीवरनं हरेश आख्खा उन्हाळा माझ्याशी बोलला नाही, समोरनं गेला तरी मोबाईलमध्ये तोंड. म्हणून मी वचपा काढला. पुढच्याच ओळीला टोमण्याचं फटाणं जोडलं की नाही मी — भीमजी असता तर ताटांची रांग वेशीपर्यंत, लेक आला तर दोन ताटं आणि घड्याळाकडं डोळे — जुळलं होतं चांगलं, यमक-बिमक सगळं. दोघी-तिघी हसल्यासुद्धा. लग्नात शिव्या गाणीच खपवून घेतात, तेवढ्यासाठीच असतात ती. लोक म्हणाले, रळियात म्हातारी विषारी आहे, मेलेल्या दिरालासुद्धा भांडणात ओढला. म्हणू दे. लाभू रडली, भावाचं नाव ऐकून पोरीच्या लग्नात हमसून हमसून रडली, पण तिलाही पटलं की भाभीनं हे रागानं केलं. हरेशला पटलं. सगळ्या मांडवाला पटलं, मग तुलाच काय झालंय? — काय म्हणालीस? — दुष्ट नाही? अगं आहे मी दुष्ट. होते, आहे, राहीन. तू इतकी वर्षं शेजारी राहून तुला कळलं नसेल तर तो तुझा भाबडेपणा. माणसाला दुष्ट म्हटलं तर ते निदान घाबरून असतात, सून घाबरते, शेजारी घाबरतात, कुणी डोक्यावर हात ठेवून अरेरे म्हणत नाही — चहा ठेवू? — मघाशी विचारलं? बरं, विचारलं असेल. दोनदा विचारलं तर काय बिघडलं, पाहुणचार आहे. तू पाहुणी नाहीस, बरं, नाहीस. बोलण्यात चुका काढायला आलीयस की भांडायला?

टेम्पोत? टेम्पोत काय झालं? — गप्प होते. झोप लागली असेल. पहाटेपासून उठून नवरीच्या साडीची, पानेतरची घडी मीच तर घालत होते, लाभूच्या पोरीला मामाकडचं पानेतर म्हणून किती निगुतीनं आणलेलं, त्यात कापूर ठेवला, ताटावर रुमाल — थकले होते. — ओठ चघळत होते? सुपारी होती तोंडात. — सुपारी मी कधीच सोडली? कुणी सांगितलं तुला? लपून खाते मी. म्हाताऱ्या बाईनं एक सुपारी लपून खाल्ली तर टेम्पोभर बायका तिच्या तोंडाकडं बघत बसल्या होत्या का — बघा, बघा, रळियातबा ओठ हलवतेय. तू बघत होतीस? आणि तेव्हापासून मनात ठेवलंस, आणि आज लग्न उरकून, पाहुणे जाऊन, भांडी धुऊन झाल्यावर आलीस विचारायला. धूर्त आहेस, डाही. गरीब तोंडाच्या बायका सगळ्यात धूर्त. मी तुला हेच सांगत होते, तुझ्या नणंदेलाही मी हेच — लाभूला — तिनं ते दारात, ते हातात घेऊन उभी होती बघ, ओवाळायचं — ते —

— काय? — काय बोलत होते मी? अशी काय बघतेस? हात सोड माझा. — पदर? मीच चुरगळला असेल. हे पाणी कुणी सांडलं? — मी? तू पाजत होतीस? कशाला पाजत होतीस, मी मागितलं नव्हतं. — नाही मागितलं. मला माहीत आहे मी काय मागितलं नि काय नाही. — किती वेळ? — खोटं. एवढा वेळ नाही. एवढा वेळ कधीच नसतो, एक श्वास असतो, डोळा मिटून उघडायला लागतो तेवढा — बाहेरनं जास्त दिसतं का? — हाका मारल्यास? माझ्या नावानं? मला नाही आल्या ऐकू.

कडी घाल त्या दाराला. डेलीची पण. घातलीस? — बस इथं, माझ्या बाजूला. समोर बसू नकोस.

कुणाला सांगितलंस तर बघ. — तुझी शपथ नको मला, शपथा तू सतरा जणांना देतेस. नुसतं नाही सांगणार म्हण. — हं.

आधी वास येतो. हिंग जळल्याचा. घरात कुणी फोडणीला बसलेलं नसतं, चूल थंड असते, आणि वास एवढा की नाक भरून येतं. मग पोटातनं काहीतरी वर चढतं, झोका मागं जातो ना, तसं — आणि मग काही नाही. मग तू माझा हात धरून बसलेली असतेस. मधलं कुठं गेलं ते मला विचारू नकोस. पहिल्यांदा मला वाटलं नुसती तंद्री लागते, वय झालं. मग एकदा न्हाणीघरात पडले, जीभ चावली, रक्त आलं — तुला सांगितलं होतं घसरले. माझ्या वल्लभनं सुरतेला नेलं — हो, मोतीबिंदूला नव्हते गेले. डोळे माझे ठणठणीत आहेत, तुझ्या पदराचं सूत मी इथनं मोजेन. डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं होतं. यंत्रात घातलं, केसांत चिकट काहीतरी लावून तारा लावल्या, आणि तो डॉक्टर, लहान पोरगा, हरेशच्याच वयाचा, म्हणाला, बा, ही मिरगी आहे. मी म्हटलं, नीट बघ बाबा, दुसऱ्या कुणाचं असेल. गुडघ्याच्या गोळ्या म्हणून ज्या घेते ना, त्या गुडघ्याच्या नाहीत. गुडघेपण ठणठणीत आहेत माझे.

सून म्हणाली — वल्लभची बायको, डोकं आहे तिला — म्हणाली, बा, गावात विचारलं तर सांगा माताजी अंगात येते. लोक नारळ घेऊन येतील, पाया पडतील. खरं सांगू? मला मोह झाला. पाया पडून घ्यायला कुणाला आवडत नाही. पण मग विचार आला, माताजी हिंगाचा वास घेऊन येईल? आणि येईल ती माझा पदर चुरगळत बसेल? खोटं बोलायलाही काही इभ्रत लागते. आणि खरं सांगायचं तर — तू झवेरफईला बघितलं नाहीस. माझ्या बापाची बहीण. तिला फेफरं यायचं. सासरच्यांनी गाडीत घालून परत आणून सोडली, जशी शिंग मोडलेली म्हैस बाजारातनं परत आणतात, आणि आमच्या घरी तिची खाट गोठ्यात. पडली की पहिला धावेल त्यानं पायातलं जोडं काढून तिच्या नाकाला लावायचं. मीही लावलंय. लहान होते, मला मजा वाटायची, माझं जोडं लावलं आणि ती उठली की मी उड्या मारायची. शुद्धीवर आली की ती विचारायची, कुणाकुणानं बघितलं? दुसरं काही नाही विचारायची, लागलं का, पडले का, नाही — कुणाकुणानं बघितलं. गावात आता कुणी जोडं लावणार नाही म्हणतेस? लावतील. मणी सगळ्यात आधी लावेल, आणि तिची चप्पल नव्या फॅशनची आहे, टाचेची, नाकाला लागेलसुद्धा.

पण पडण्याचं नाही गं. पडण्याची लाज वेगळी, ती पडल्यापुरती. हे जे आत होतं ना — मी रोज ताक घुसळते, डाही. हात तोच, रवी तीच, दूध तेच. आणि लोणी धरत नाही. दिवस जातो, माणसं येतात, बोलतात, मी बोलते, भांडते, हसते, आणि चार दिवसांनी हात घातला की पाणी. जुनं सगळं आहे. माझ्या लग्नातली ओळ न् ओळ आहे, भीमजी एवढासा होता, मी नवी नवरी, तो माझ्या पाटाखाली लपला होता आणि पंक्तीत म्हणाला होता नवरीच्या पायाला सहा बोटं आहेत — ते आहे. त्याला ताप आला की माझ्याच मांडीवर, सासूच्या नाही, ते आहे. अलीकडचं गळतं. डॉक्टरला मी विचारलं, तोंडावर विचारलं, वेड लागणार का मला? तो म्हणाला, नाही बा, डोक्यात वीज कडाडते तेव्हा नवीन ठेवलेलं सांडतं, जुनं बसलेलं असतं. आणि गोळीनं वीज कमी होईल पण गोळी जरा सुस्त करेल. जरा! शब्द ओठापर्यंत येतो आणि उंबऱ्यावर फतकल मारून बसतो. दोघं एकदम बोलले की मला दोघांचंही कळत नाही, मी आपली दोघांनाही झापते, म्हणजे कुणाचं तरी लागतं. त्या दिवशी मंदिरातनं येताना — हसू नकोस — गल्ली ओळखेना. आपली गल्ली. एका ओसरीवर जाऊन बसले, म्हटलं कुणीतरी ओळखीचं दिसेल. बाईनं चहा दिला, मी बशीत ओतून प्याले, पोराबाळांची चौकशी केली, तिच्या सुनेला दोन बोल सुनावले, आणि तिची सासू बाहेर आली तेव्हा कळलं, हे तर मावजीचं घर, आपल्यापासून चार उंबरे. अजून ती म्हणते, रळियातबा किती मायेनं आल्या होत्या. — हस. हस आता. मला हसू येत नाही, पण तू हस.

तर मांडवात. — सांगते ना, ऐक. टेम्पोत ते झालं असेल, तू म्हणतेस म्हणजे झालं असेल. उतरले तेव्हा डोकं कापूस भरल्यासारखं. पोरींनी ताटं उचलली, लाभू दारात उभी, ढोलवाला वाजवायला लागला, आणि माझ्यावर सगळ्यांचे डोळे, मी उचलल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही — उचललं. 'वेशीवर धुरळा उडाला गं, बहिणीचा वीरा आला' — आणि इथं भावाचं नाव. हरेशचं घ्यायचं, बाप नाही तर लेक, मला रीत माहीत आहे. आणि नाव येईना. तुझ्या पोराचं नाव, ज्याची नाळ मी पुरली, ते येईना. म्हणून जे आलं ते घेतलं. झालं. एवढंच. तोंडातनं निसटलं. मग कळलं काय केलं ते, आणि वेडी म्हणवून घेण्यापेक्षा दुष्ट म्हणवून घेतलेलं बरं, म्हणून ते फटाणं जोडलं. ते फटाणं मात्र डोक्यानं जोडलं हो, ते सुचायला काही अडचण आली नाही. — आता झालं? आता कळलं ना? हरेशला काय सांगायचं ते तू बघ, पण मिरगी म्हणायची नाही. म्हण, काकूची जीभ घसरली. वय झालं म्हण. जा आता. दिवेलागण झाली, तुझी गाय हंबरतेय.

का बसलीस? — आणखी काय? — हो, नाव निसटलं, सांगितलं ना. हरेशचं आठवेना म्हणून. — काय विचारतेस? हरेशचं आठवलं नसतं तर मी गप्प बसले असते? — तू मला ओळखतेस, हे फार वाईट आहे, डाही. — हो, 'वीरा भीमजी' म्हणताना मी मागं वळले. कुणाला शोधत होते? कुणाला म्हणजे, कुणाला नाही. मांडवात माणूस इकडंतिकडं बघतोच. तू पार मागं, कनातीला टेकून, नाकापर्यंत पदर ओढून उभी, मला काय दिसणार होतं. — हसत वळले? असेन हसत. लग्न होतं.

भीमजीचं मला माहीत नाही का? काय बोलतेस. माझा दीर. मी वाढवला त्याला. तो गेला तेव्हा — किती झालं आता, तूच सांग, तुझ्या तोंडानं — हं, होळीच्या आधी, बरोबर, होळीच्याच आधी. थंडी होती. — नव्हती? उकडत होतं? तेच म्हणतेय मी, थंडी संपत आली होती. — मी होते तिथं? होतेच ना, कुठं जाणार. तुझ्यापाशी बसले बारा दिवस. — तेरा दिवस, बरं. — बांगड्या? तुझ्या बांगड्या मी उतरवल्या? उतरवल्या असतील. मोठी जाऊ मी, म्हणजे मीच उतरवणार, दुसरी कोण उतरवेल —

का रडतेस? मी 'असतील' म्हटलं म्हणून? बोलण्याची पद्धत असते. — बरं. बरं, रडू नकोस. एकदाच सांगेन, परत विचारायचं नाही.

तो गेल्याचं मला काही आठवत नाही, डाही — रोज सकाळी तुझं कपाळ बघते, आणि मग मला कळतं.